प्राणी काढताय? आधी रक्ताचं बघा

नवा प्राणी काढायचं ठरवलंत, अभिनंदन. बहुतेक नवशिके सुरुवात शिंगांपासून करतात. शिंगं, मग शेपटी, मग अंगावर पट्टे हवेत की ठिपके यावर चार-आठ लाख वर्षं घोळ घालतात. सगळं जमून आल्यावर कुणीतरी विचारतं, "आतल्या पेशींना ऑक्सिजन कोण पोचवणार?" मग धावाधाव होते, आणि धावायलाही ऑक्सिजनच लागतो. म्हणून ही मार्गदर्शिका. शिंगांचं नंतर बघू.

साहित्य, माणसाएवढ्या एका प्राण्यासाठी: लोखंड तीन ते चार ग्रॅम, प्रथिनं भरपूर, पाणी तीनेक लिटर, मीठ चवीपुरतं, म्हणजे लिटरला साधारण नऊ ग्रॅम. एक पंप लागेल. त्याची मार्गदर्शिका वेगळी आहे.

पायरी १. रक्त टाळता येतंय का बघा

येत असेल तर जरूर टाळा. ऑक्सिजन ओल्या पेशींतून आपण होऊन झिरपतो, फुकट. अडचण एवढीच, की मिलिमीटरभर आत जाईपर्यंत तो संपतो. प्राणी अगदी चपटा ठेवलात तर हे पुरतं. चपटे कृमी या एका काटकसरीवर कोट्यवधी वर्षं निभावून नेत आहेत, आणि रक्त नाही म्हणून त्यांनी कधी कुरकुर केलेली नाही.

दुसरा मार्ग कीटकांचा. झुरळाच्या कुशीला बारीक भोकं असतात. तिथून हवेच्या नळ्या आत जातात, फाटे फुटत फुटत थेट पेशींच्या दाराशी पोचतात. रक्त झुरळालाही आहे, पण ते अन्न वाहतं. ऑक्सिजनच्या भानगडीत ते जवळजवळ पडत नाही. चपलेखाली आलेलं झुरळ लाल का नसतं, याचा उलगडा आता झाला असेल. डास मारल्यावर तळहातावर लाल दिसतं ते डासाचं नव्हे, आपलं किंवा शेजाऱ्याचं.

नळ्यांची ही पद्धत इतकी सोपी आहे, की सगळ्यांनी तीच का घेतली नाही असा प्रश्न पडेल. उत्तर आकारात आहे. प्राणी मोठा होत गेला की नळ्यांतून हवा आत सरकायला वेळ लागतो आणि नळ्याच फार जागा खायला लागतात. तीस कोटी वर्षांपूर्वी चतुराचा एक नातेवाईक दोन फुटांहून जास्त पंखविस्तार घेऊन उडत होता. त्या काळी हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. आजच्या हवेत गाढवाएवढं झुरळ निघणार नाही. ही या मार्गदर्शिकेतली सर्वांत दिलासा देणारी ओळ समजावी.

पायरी २. नुसत्या पाण्यावर भागवू नका

ठीक, प्राणी जाडजूड हवा आहे. मग नवशिक्याच्या डोक्यात येतं, की ऑक्सिजन पाण्यात विरघळतोच, तर खारं पाणी फिरवू, झालं. हिशोब करून बघा. शरीराच्या उष्णतेला एक लिटर द्रवात फुप्फुसातून जेमतेम तीन मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो. माणूस नुसता आरामखुर्चीत पडून असला तरी त्याला मिनिटाला अडीचशे मिलिलिटर लागतो. म्हणजे हृदयाने मिनिटाला ऐंशीहून जास्त लिटर ढकलायला हवं. खरं हृदय आरामात ढकलतं पाच लिटर. आणि हा झाला खुर्चीतला हिशोब. जिना चढायचा असेल तर विचारूच नका.

तरीही एका मंडळाने हे करून दाखवलंय. अंटार्क्टिकाच्या समुद्रात बर्फमासे राहतात, त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. रक्त पाण्यासारखं पारदर्शक, कल्ले पांढरेफटक. व्हेलच्या शिकारीवर गेलेले नॉर्वेजियन खलाशी अशा बिनरक्ताच्या माशाच्या गोष्टी सांगत. शेवटी योहान रूड या त्यांच्याच देशबांधवाने रक्त तपासलं आणि १९५४ साली ते प्रसिद्ध केलं: खलाशी थापा मारत नव्हते. या माशाचं जमतं कसं? तिथलं पाणी शून्याच्याही खाली, आणि पाणी जितकं गार तितका त्यात ऑक्सिजन जास्त मावतो. शिवाय माशाची हालचाल सुस्त, हृदय थोराड, आणि रक्त त्याच्या तांबड्या भाईबंदांच्या दुपटी-चौपटीने. एवढं सगळं करूनही त्या रक्तात मावणारा ऑक्सिजन भाईबंदांच्या दहाव्या हिश्शाहून कमी. तुमचा प्राणी शून्याखालच्या पाण्यात आयुष्यभर पडून राहायला तयार असेल तर ही पायरी इथेच संपली. नाहीतर पुढे चला.

पायरी ३. धातू निवडा

ऑक्सिजन पकडायचा तर धातू हवा. दुकानात प्रामुख्याने दोन मिळतात, लोखंड आणि तांबं.

तांबं घेतलंत तर रक्त निळं होतं. खेकडा, कोळंबी, ऑक्टोपस, विंचू, बऱ्याच गोगलगायी ही सगळी तांब्याची गिऱ्हाइकं. त्यांच्या रक्तातल्या प्रथिनाला हिमोसायनिन म्हणतात. ऑक्सिजन धरला की ते निळं, सोडला की बेरंग. खेकडे साफ करणाऱ्यांना निळं रक्त वाहताना दिसत नाही, कारण रंग फिका असतो आणि कोयता थांबत नाही. उकडल्यावर खेकडा लाल होतो तो कवचातल्या रंगद्रव्यामुळे. त्याचा रक्ताशी संबंध नाही, आणि जेवताना ही चर्चा काढू नये.

तांब्याचा तोटा असा, की माल कमी मावतो. ऑक्टोपसच्या लिटरभर रक्तात साधारण तीस-चाळीस मिलिलिटर ऑक्सिजन. माणसाच्या रक्तात दोनशे. ही तूट भरून काढायला ऑक्टोपसने तीन हृदयं बसवून घेतली आहेत, दोन कल्ल्यांसाठी आणि एक बाकीच्या अंगासाठी. पोहायला लागला की अंगासाठीचं हृदय थांबतं, म्हणून तो शक्यतो चालतो. आम्ही नवशिक्यांना लोखंडच सुचवतो.

समुद्रात काही प्राणी रक्तात व्हॅनेडियम गोळा करतात. ते ऑक्सिजन वाहायला नव्हे. दुकानदार गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका.

पायरी ४. गंज

लोखंड आणि ऑक्सिजन उघड्यावर भेटले की काय होतं हे कोकणात घर असलेल्या कुणालाही विचारा. खिडकीच्या गजांनी धरलेला ऑक्सिजन परत मिळत नाही. म्हणून लोखंडाचा एकेक अणू हीम नावाच्या चपट्या कड्यात बसवा, आणि ते कडं प्रथिनाच्या घडीत असं खुपसा की आत पाणी शिरणार नाही. तिथे ऑक्सिजन येऊन बसतो, पण लोखंड गंजत नाही. थोडं तरी गंजतंच. त्यासाठी दुरुस्तीची विकरं ठेवावी लागतात. ती रोज गंजलेलं लोखंड पूर्वस्थितीला आणत बसतात.

या टप्प्यावर पुष्कळ जण कंटाळून प्राण्याचा नाद सोडतात आणि झाड काढतात.

पायरी ५. सोडायला शिकवा

इथे घाई करू नका. बाकीच्या पायऱ्या उरकल्या तरी चालतील. पकडण्यात काही कसब नाही, ते गजांनाही येतं. रक्ताची खरी परीक्षा सोडण्यात आहे. फुप्फुसात घट्ट धरायचं आणि पायाच्या पोटरीत मुकाट्याने सोडायचं, तेही कुणी सांगायला नसताना.

नवशिके बहुधा मायोग्लोबिन वापरून बघतात. एक प्रथिन, एक हीम, एक ऑक्सिजन. सुटसुटीत. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या शंभर मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथे ते पूर्ण भरतं. बाकी शरीरात दाब चाळीसवर येतो, तरी मायोग्लोबिन नव्वद टक्क्यांहून जास्त भरलेलंच. राबणाऱ्या स्नायूत वीसवर आला, तरी ते फारसं काही देत नाही. माल घेऊन ते अख्खं गाव फिरून परत येईल. त्याला स्नायूत साठ्यावर बसवा, तिथे ते उत्तम काम करतं. व्हेलचं मांस काळपट दिसतं ते याच साठ्यामुळे. त्यावर ती तासभर बुडी मारते. पण फिरतीवर मायोग्लोबिनला पाठवू नका.

फिरतीसाठी हिमोग्लोबिन. यात चार साखळ्या, चार हीम, चार ऑक्सिजन, आणि चौघांचं एकमेकांकडे लक्ष. लग्नाच्या पंगतीत पहिला माणूस बसायला संकोचतो. तो बसला की बाकीचे भराभर पाट धरतात. उठतानाही तेच. एक उठला की उरलेल्यांना बसून राहणं जड जातं. हिमोग्लोबिनची चार आसनं अशीच भरतात आणि अशीच रिकामी होतात. परिणामी शंभरच्या दाबाला ते सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के भरतं, चाळीसला पंचाहत्तरवर येतं आणि वीसला पस्तीसच्या आसपास घसरतं. जिथे टंचाई जास्त तिथे उतार जास्त. आरामात असताना फक्त पाव माल उतरतो आणि बाकीचा तसाच परत येतो. हा गलथानपणा नव्हे. बस सुटताना धावायची वेळ आली की तोच माल कामी येतो.

हे एकमेकांना कळवणं चालतं कसं, याचा पहिला सुगावा गमतीचा आहे. १९३८ साली प्रागमध्ये फेलिक्स हाउरोवित्स ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिनचे जांभळट स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. काचेच्या कडेने हवा आत शिरली आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्फटिक मोडले, त्यांच्या जागी लाल सुया उगवल्या. म्हणजे ऑक्सिजन घेताना रेणू नुसता भरत नाही, आपला आकारच बदलतो. मॅक्स पेरुट्झ तेव्हा केंब्रिजमध्ये याच रेणूच्या मागे लागला होता. १९३७ साली सुरुवात केली, आकार हाती आला १९५९ मध्ये. मध्ये महायुद्ध झालं. ऑस्ट्रियात जन्मल्याबद्दल ब्रिटिशांनी त्याला शत्रुदेशाचा नागरिक म्हणून पकडून कॅनडाला धाडलं, मग परत आणलं. १९६२ साली नोबेल मिळालं. तरी कळ नेमकी कुठे आहे हे उकलायला १९७० उजाडलं. ऑक्सिजन बसला की लोखंडाचा अणू कड्याच्या पातळीत किंचित सरकतो. किंचित म्हणजे मिलिमीटरचा साधारण अडीच कोटीवा हिस्सा. त्या धक्क्याने साखळी हलते, साखळीने शेजारची साखळी, आणि अख्खा रेणू पवित्रा बदलतो. संशोधन म्हणजे अचानक डोक्यात पडणारा उजेड अशी समजूत असेल तर पेरुट्झची ही तेहेतीस वर्षं मोजून घ्या.

तरीही एवढ्यावर समाधान मानू नका. सोडायची जागा कोणती हे रक्ताला आणखी दोन खुणांनी कळवता येतं. स्नायू राबला की कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल तयार होतं, उष्णता वाढते. या तिन्हींनी हिमोग्लोबिनची पकड सैल होते. कार्बन डायऑक्साइडची खूण १९०४ साली कोपनहेगनमध्ये क्रिस्तियान बोर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवली. पुढे मुलगा नील्स अणूसाठी इतका गाजला, की वडिलांचं नाव आता वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाच ठाऊक असतं. वास्तविक मिनिटाला पंधरा श्वास घेणाऱ्या माणसाला वडिलांचा शोध जास्त जवळचा असायला हवा. दुसरी खूण तांबड्या पेशीतच बनणाऱ्या एका फॉस्फेटची. ते रिकाम्या हिमोग्लोबिनच्या मधल्या फटीत जाऊन बसतं आणि त्याला चटकन पुन्हा भरू देत नाही.

प्राणी पिल्लं पोटात वाढवणारा असेल तर ही फट विसरू नका. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन साखळ्या वेगळ्या असतात, त्यांना ते फॉस्फेट नीट चिकटत नाही. म्हणून गर्भाचं रक्त आईच्या रक्ताहून घट्ट धरतं, आणि वारेत दोन्ही रक्तं शेजारून वाहताना ऑक्सिजन आईकडून बाळाकडे जातो. आईने सोडायचं आणि पोराने ओढून घ्यायचं, हा रिवाज जन्माच्या आधीपासूनचा आहे.

पायरी ६. पेशीत भरा

हिमोग्लोबिन तसंच रक्तात मोकळं सोडता येतं. गांडूळ तेच करतं, मात्र त्याचा रेणू अवाढव्य असतो, शंभराहून जास्त हीम असलेला. हिमोग्लोबिनचे स्फटिक माणसाने पहिल्यांदा पाहिले तेही गांडुळाच्या रक्तात, १८४० साली. शेतकऱ्याचा मित्र एवढ्यावर त्याची ओळख संपवणं अन्यायाचं आहे. माणसाचं हिमोग्लोबिन मात्र लहान. मोकळं सोडलं तर मूत्रपिंडातून गळून जातं. म्हणून पेशीत भरा. एका तांबड्या पेशीत सुमारे सत्तावीस कोटी रेणू बसतात, आणि माणसात अशा पेशी वीस ते तीस लाख कोटी.

पक्षी, बेडूक, मासे पेशीत केंद्रक ठेवतात. सस्तन प्राणी ते बाहेर फेकतात, सोबत ऑक्सिजन जाळणारी कणिकाही. त्यामुळे पेशी आयुष्यभर ऑक्सिजन वाहते आणि त्यातला कणही स्वतः वापरत नाही. साखर अर्धवट मोडून त्यावर भागवते. केशवाहिन्या पेशीहूनही अरुंद असतात. तिथून तिला दुमडून, एकेरी रांगेत जावं लागतं.

पायरी ७. रंग

आपोआप येतो. भरलेलं रक्त लालभडक, रिकामं होत आलेलं काळपट लाल. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात, पण आत निळं काही नाही. त्वचा आणि प्रकाश मिळून तो भास करतात. या दोन लालांतला फरक मोजणारं यंत्र जपानच्या ताकुओ आओयागीने १९७० च्या दशकात काढलं. पुढे २०२० मध्ये ते आपल्याकडे घरोघरी आलं, आणि पंचाण्णव हा आकडा ज्याच्या त्याच्या तोंडी झाला.

उंचावर चालवायचा असल्यास

प्राणी हिमालय ओलांडणार असेल तर वेगळं हिमोग्लोबिन मागवा. पट्टकादंब हंस हिवाळ्यात जायकवाडी आणि उजनीच्या पाण्यावर निवांत चरताना दिसतात, तेव्हा ते काय करून आलेत याचा चेहऱ्यावर मागमूस नसतो. अंगावर यंत्र लावून माग काढलेला एक हंस ७,२९० मीटरवरून उडाला होता. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या एका साखळीत ११९ व्या जागी प्रोलिनऐवजी ॲलनिन आहे. एवढ्या एका बदलाने दोन साखळ्यांमधला एक टेकू निघतो, आणि विरळ हवेतही रेणू चटकन भरतो. सखल भागातल्या नातेवाइकांना हे जमत नाही. माणूस उंचावर गेला की उलट जास्त पेशी बनवत सुटतो आणि रक्त दाट करून घेतो. काही सायकलपटू हेच सपाटीवर बसून इंजेक्शनने करत, आणि पकडले जात.

नेहमीच्या तक्रारी

*रक्त भरलेलं दिसतं, प्राणी मात्र गुदमरतो.* कार्बन मोनॉक्साइड. हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनहून दोनशेपट जास्त जोराने धरतं, शिवाय उरलेला ऑक्सिजनही सोडायला तयार होत नाही. त्वचा तजेलदार दिसू शकते आणि बोटावरचं यंत्रही सगळं ठीक असल्याचा आकडा दाखवतं. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, दारं लावलेल्या खोलीत पेटवलेली शेगडी. इथे विनोद थांबवून सांगतो: खिडकी उघडी ठेवा.

*ऑक्सिजन सोडल्यावर पेशी वाकड्या होतात.* सिकलसेल. एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. भरलेलं हिमोग्लोबिन ठीक वागतं; रिकामं झालं की रेणू एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात, पेशी विळ्यासारखी होते, बारीक वाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. गडचिरोली, नंदुरबार आणि पूर्व विदर्भातल्या कितीतरी घरांना हे वर्णन नवं नाही. हा दोष आई किंवा वडील एकाकडूनच आला तर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणूनच मलेरियाच्या मुलखात तो टिकला. दोघांकडून आला तर आजार. घडवणाऱ्याची चूक म्हणावी, तर ती हजारो वर्षं उपयोगी पडली आहे.

*प्राणी सतत थकलेला.* आधी लोखंड तपासा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पहिल्या तीन-चार ग्रॅमच्या साहित्यात काटकसर कुणाच्या वाट्याची झाली, हे घराघरातल्या ताटांवरून कळेल. जेवणावर लगेच चहा दिला तर आहे तेही लोखंड नीट शोषलं जात नाही.

जुन्या पेशींची विल्हेवाट

तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते. मग प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला मोडीत काढतात. लोखंड काढून पुन्हा वापरायचं. रोजचं वीसेक मिलिग्रॅम याच वाटेने परत येतं, अन्नातून फक्त एक-दोन. हीमच्या कड्याचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन, ते पित्तातून बाहेर. मुका मार लागल्यावर त्वचेवर हिरवी-पिवळी छटा उमटते ती याच मोडतोडीची, आणि विष्ठेचा रंगही याच कारखान्यातला. पिवळा माल तुंबला की कावीळ समजावी.

न्यू गिनीतल्या काही सापसुरळ्यांनी मात्र हिरवा माल बाहेर टाकायचंच सोडून दिलंय. त्यांचं रक्त हिरवं, मांस हिरवं, जीभ हिरवी, हाडंसुद्धा हिरवी. दुसऱ्या प्राण्याचा जीव जाईल एवढं बिलिव्हर्डिन अंगात बाळगून त्या झाडांवर खुशाल हिंडतात, पिल्लंही घालतात. लाल पेशी त्यांच्याकडेही आहेत, ऑक्सिजनही व्यवस्थित पोचतो. फक्त सगळ्यावर हिरवा रंग चढलेला. नवशिक्यांनी हा प्रयोग करू नये. शिंगांची मार्गदर्शिका स्वतंत्र मिळेल.